फुकट वाचायला द्यायचं, तर वर्गणी कशाची?

आमच्या गावच्या दूध संस्थेत मामा ३० वर्षं सेक्रेटरी होते. कोल्हापुरातून मुक्त सॉफ्टवेअरवर एक मराठी त्रैमासिक काढायचं, ते लोकांच्या वर्गणीवर चालवायचं आणि प्रत्येक अंक सहा महिन्यांनी सगळ्यांसाठी मोकळा करायचा, हा आम्हा पाच जणांचा बेत मी त्यांना सांगितला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "फुकटच वाटणार म्हणतोयस, तर मग पैसं कशाला गोळा कराय लागलायस?"

प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. त्यांना त्या दिवशी जे तुटक सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

आधी मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते पाहू. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, ज्याने कास्टिंग निघताना बघितलंय त्याला हे लगेच कळेल. फाउंड्रीत आधी पॅटर्न बनतो, लाकडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा. वाळूत त्याचा ठसा उठवतात, त्यात लोखंडाचा रस ओततात आणि थंड झाल्यावर निघतं ते कास्टिंग. कास्टिंग विकत घेतलं की ते वापरता येतं. पण त्यातला एक बॉस, म्हणजे बोल्टसाठीचा फुगवटा, जरा सरकवून हवा असेल, भिंत थोडी जाड हवी असेल, तर पॅटर्नच लागतो. सॉफ्टवेअरचं असंच आहे. प्रोग्रामर माणसाला वाचता येईल अशा भाषेत जे लिहितो तो सोर्स कोड, म्हणजे पॅटर्न. संगणकावर जे चालतं ते कास्टिंग. बऱ्याच कंपन्या कास्टिंग विकतात आणि पॅटर्न कुलपात ठेवतात. मुक्त सॉफ्टवेअर पॅटर्नसकट मिळतं, आणि त्यासोबत चार हक्क लिहून मिळतात. कुठल्याही कामाला वापरा. आत काय आहे ते बघा आणि बदला. जसंच्या तसं दुसऱ्याला द्या. बदललेलंही द्या.

अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी जीएनयू या, संगणकाची सगळी यंत्रणाच मुक्त सॉफ्टवेअरने उभारण्याच्या प्रकल्पाची घोषणा केली, तिथून ही चळवळ सुरू झाली. १९८९ मध्ये त्यांनी जीपीएल नावाचा परवाना आणला. त्यातली मेख फार विचारपूर्वक मारलेली आहे: तुम्ही पॅटर्न सुधारलात आणि त्याचं कास्टिंग दुसऱ्याला दिलंत, तर सुधारलेला पॅटर्नही त्याला द्यायचा. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स कर्नल, म्हणजे यंत्र आणि बाकीचे प्रोग्राम यांना जोडणारा गाभा, लिहायला घेतलं आणि पुढच्याच वर्षी ते जीपीएलखाली आणलं. आज तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच कर्नलवर चालतो.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, स्वतंत्र आणि फुकट. या घोटाळ्यातून सुटण्यासाठी १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हा शब्द पुढे आला. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे 'मुक्त' वेगळा आणि 'फुकट' वेगळा. मुक्त सॉफ्टवेअर विकायला परवान्याची हरकत नसते, आणि फुकट मिळणारी कितीतरी ॲप मुक्त नसतात.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एक प्रसंग सांगतो. मी शाहूपुरीत बरीच वर्षं डीटीपीचं काम केलं. एका तालमीची स्मरणिका पुन्हा छापायची होती. जुन्या अंकाची फाइल तालमीने सीडीवर जपून ठेवली होती, सीडीही चालली. फाइल उघडली तर पानभर तिरपी, तुटकी इंग्रजी अक्षरं आणि मधेमधे चौकोन. मजकूर युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. त्या पद्धतीत 'क' च्या जागी संगणकाच्या लेखी भलतंच इंग्रजी अक्षर असतं, फक्त फॉन्ट त्याला 'क' चा चेहरा देतो. तो फॉन्ट ज्या प्रोग्रामसोबत यायचा तो नव्या संगणकावर चढेना, आणि कुठलं अक्षर कुठे बसवलंय याचा तक्ता आमच्या हाती नव्हता. शेवटी १४० पानं पुन्हा टाइप केली. म्हाताऱ्या वस्तादांच्या आठवणी, जुन्या कुस्त्यांचे निकाल, सगळं हाताने. मराठी मजकूर आपला, लिहिणारे आपले, आणि तो वाचायची किल्ली मात्र दुसऱ्याकडे. मुक्त सॉफ्टवेअरचा प्रश्न त्या दिवशी मला पोटातून कळला.

मराठीत या विषयावर काहीच नाही असं मी म्हणणार नाही. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीतून कितीतरी धडे केले आहेत. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. उणीव आहे ती निवडून, तपासून, आपल्या कामाशी जोडून सांगणाऱ्या लिखाणाची. उद्यमनगरात एखाद्याकडे कंट्रोलर बिघडल्यामुळे पडून राहिलेलं जुनं सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं यंत्र, असतं. लिनक्ससीएनसी नावाचा मुक्त प्रोग्राम साध्या संगणकावरून असं मशीन चालवू शकतो, पण कुठल्या मशीनला तो जमतो, कुठे हात घालू नये, वायरिंगला किती दिवस जातात, हे कुणीतरी प्रत्यक्ष करून मराठीत लिहायला हवं. दुकानाच्या हिशेबाला ईआरपीनेक्स्ट हा मुक्त प्रोग्राम आहे, तो तर मुंबईत घडलेला.

ग्रंथालयांतल्या पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेवीसाठी 'कोहा' आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी तो लिहिला गेला आणि जानेवारी २००० पासून वापरात आला. १८५० पासूनची करवीर नगर वाचन मंदिराची परंपरा ज्या गावात आहे, तिथल्या खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांनी हा प्रोग्राम निदान बघावा, असं मला मनापासून वाटतं. 'कोहा' हा माओरी शब्द आहे. अर्थ भेट, पण परतफेडीची जाण ठेवून दिलेली. म्हणजे आपला आहेर! मुक्त सॉफ्टवेअरचा व्यवहार इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. पैसे कशाला?

कारण अंकाची प्रत काढणं स्वस्त आहे, अंक घडवणं महाग आहे. लिनक्ससीएनसीवर चार पानी लेख लिहायचा तर लेखकाने आठवडाभर मशीनपाशी उभं राहायला हवं. मग दुसऱ्या कुणीतरी त्या पायऱ्या जशाच्या तशा करून बघायच्या, कारण एक आकडा चुकला तर वाचकाचं टूल मोडेल. मग संपादन, चित्रं, मांडणी, मुद्रितशोधन. या माणसांना मानधन द्यायलाच हवं. हौसेवर दोन अंक निघतात, तिसऱ्याला लेखकाच्या घरी लग्न निघतं.

या घडवण्याचा खर्च वाचकांनी मिळून आधी उचलायचा, आणि तो निघाल्यावर अंकाला कुलूप लावून ठेवण्याचं कारण उरत नाही. एवढीच ही कल्पना आहे. मराठीत तिला शब्दही तयार आहे. गणपतीला देतो ती वर्गणी, मासिकाला भरतो तीही वर्गणी, आणि दोन्हीकडे देणारा तो वर्गणीदार. मंडळाला वर्गणी देणारा माणूस 'मी पैसे दिले, आता शेजारच्याने मूर्ती बघायची नाही' असं कधी म्हणत नाही.

बाहेरच्या देशांत हे करून बघितलेलं आहे. ब्रिटनमध्ये एका लिनक्स मासिकातून बाहेर पडलेल्या चार जणांनी २०१३ च्या अखेरीस 'लिनक्स व्हॉइस' साठी वाचकांकडे ९०,००० पौंड मागितले. उद्दिष्ट ओलांडलं गेलं आणि २०१४ मध्ये अंक सुरू झाला. त्यांनी दोन वचनं दिली होती: मजकूर नऊ महिन्यांच्या आत मुक्त परवान्यावर खुला करू, आणि नफ्यातला निम्मा वाटा मुक्त सॉफ्टवेअरच्या कामांना देऊ. २०१६ च्या शेवटी ते मासिक दुसऱ्या एका मासिकात विलीन झालं. तीन वर्षांत तीसपेक्षा जास्त अंक निघाले, आणि खुला झालेला मजकूर मुक्तच राहिला.

दुसरं उदाहरण इंटरनेटवरच्या 'एलडब्ल्यूएन' या लिनक्सविषयीच्या साप्ताहिकाचं. १९९८ मध्ये सुरू झालं, २००२ मध्ये पैसे संपले आणि बंद करतो असं जाहीर केलं. वाचकांनी आपणहून पैसे पाठवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी वर्गणी सुरू केली. नवे लेख वर्गणीदारांना आठवडाभर आधी मिळतात, नंतर ते सगळ्यांना खुले. आजही ते चालू आहे. मला हे उदाहरण जास्त शिकवणारं वाटतं, कारण इथे वाचकांनी वर्गणी भरली ती आठवडाभराच्या घाईसाठी नव्हे. हे टिकायला हवं एवढ्यासाठी भरली.

एखादा मोठा दाता मिळाला तर? कोल्हापूरकराला इथे शाहू महाराज आठवणारच. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं, त्याला महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. त्या काळात ती मोठी रक्कम होती, आणि त्या मदतीचं मोल मोजता येणार नाही. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले, १९२२ मध्ये महाराज गेले, आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' थांबलं. थांबण्याचं एकच कारण त्यातून काढणं बरोबर होणार नाही. पण आम्ही स्वतःपुरतं एक ठरवलं आहे: एका वर्गणीदारापेक्षा दुसऱ्याचं वजन फार जास्त होईल इतकी रक्कम कुणा एकाकडून घ्यायची नाही.

आता हिशेब. आकडे समजण्यासाठी गोल धरले आहेत. ६४ पानी त्रैमासिक, म्हणजे १६ पानांचे चार फॉर्म. मानधन, संपादन, मांडणी, प्लेट असा एका अंकाचा ठरलेला खर्च ६०,००० रुपये धरा. प्रती ५०० काढा की २,०००, हा खर्च हलत नाही. शिवाय दर प्रतीला कागद, छपाई, पिनिंग आणि टपाल मिळून ६० रुपये. ५०० प्रती काढल्या तर एकूण ९०,०००, म्हणजे प्रत १८० रुपयांना पडली. १,००० काढल्या तर १,२०,०००, प्रत १२० ला. २,००० काढल्या तर प्रत ९० ला. म्हणून पहिला प्रश्न 'किंमत किती?' हा नसतो, 'किती जण?' हा असतो. १,००० वर्गणीदार आणि वर्षाला ५०० रुपये धरले तर जमा ५ लाख, चार अंकांचा खर्च ४ लाख ८० हजार. २०,००० शिल्लक, त्यातून ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या गेटवेचे, एकूण जमेच्या साधारण २ टक्के, जाणार. थेट खात्यावर यूपीआयने आले तर तेही वाचतात.

नेमके ९२४ वर्गणीदार झाले की तोंडमिळवणी होते. त्याखाली प्रत्येक अंकाला पदरचं घालायचं.

यात एक गोष्ट मला स्वतःला उशिरा दिसली. छापील प्रत घेणारा दर अंकाला १२५ रुपये देतो, त्यातले ६० कागदात आणि टपालात जातात, घडवण्याच्या खर्चाला उरतात ६५. वर्षाचे २६०. म्हणजे फक्त पीडीएफ घेऊन २६० रुपये भरणारा पुण्यातला विद्यार्थी तेवढाच भार उचलतो. त्याला दुय्यम वर्गणीदार समजण्याचं काहीच कारण नाही.

मोठी चूक होते ती पुढे. पहिल्या दिवशी खात्यात ५ लाख दिसतात आणि हात सैल सुटतो. पण ते पैसे अजून आपले झालेले नाहीत. लोकांना चार अंक द्यायचे आहेत. पहिला अंक पोहोचला की सव्वा लाख आपले झाले, पावणेचार लाख अजून देणंच. दूध संस्थेत दहा दिवसांचं बिल वाटायच्या आधी खात्यात दिसणारा पैसा सेक्रेटरी स्वतःचा धरत नाही, तसंच हे. मामांना हा भाग मला समजावावा लागला नाही, उलट त्यांनीच मान हलवत "त्यो पैसा उत्पादकाचा," असं म्हटलं.

आणि दुसरं वर्ष. समजा १,००० पैकी ६०० जणांनीच पुन्हा वर्गणी भरली. अंकाचा खर्च ९६,०००, वर्षाचा ३ लाख ८४ हजार, आणि जमा ३ लाख. ८४,००० चा खड्डा. पहिल्या वर्षी उत्साहाने भरणारे खूप असतात, गावातला पोरगा काहीतरी करतोय म्हणून भरणारेही असतात. खरे वाचक किती ते नूतनीकरणाला कळतं. त्यासाठी एका वर्षाच्या पलीकडची वर्गणी सुरुवातीला घ्यायचीच नाही, असं माझं ठाम मत आहे. आजीव सभासदत्व तर मुळीच नाही. पाच वर्षांचे पैसे घेऊन दीड वर्षात बंद पडणं हा लोकांच्या विश्वासाला लागलेला बट्टा असतो, आणि त्यानंतर येणाऱ्या दुसऱ्या कुणालाही मग वर्गणी मिळत नाही.

अंक मोकळा करायचा म्हणजे नुसता पाठवून द्यायचा असं नाही, त्यावर परवाना लिहावा लागतो. आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सचा बीवाय-एसए हा परवाना निवडला आहे. विकिपीडियाचाही हाच. श्रेय द्या आणि तुमची आवृत्तीही याच अटीवर द्या, एवढ्या दोनच अटी. 'व्यापारी वापर नको' अशी तिसरी अट घालावी असं आमच्यातल्या दोघांना वाटत होतं. मी विरोध केला. गडहिंग्लजच्या एखाद्या झेरॉक्सवाल्याने आयटीआयच्या पोरांसाठी लेख छापून ३० रुपयांना विकला तर त्यात बिघडलं काय? लेख पोहोचला. आणि ती अट घातली की विकिपीडियालाही मजकूर उचलता येत नाही.

पीडीएफ हे कास्टिंग झालं. पॅटर्नही द्यायला हवा, म्हणजे मांडणीच्या मूळ फाइल, चित्रं, फॉन्ट. त्यासाठी अंक मुक्त साधनांनीच जुळवायचा. स्क्रायबस हा पानं जुळवण्याचा मुक्त प्रोग्राम आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं तुटायची, जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ मध्ये ती नीट जुळतात. फॉन्टमध्ये मुक्ता आणि तिरो देवनागरी मराठी हे दोन्ही मुक्त परवान्यावर आहेत. फॉन्ट निवडताना आधी 'ल' आणि 'श' टाइप करून बघावं. हिंदी वळणाचा 'ल' उभ्या दांड्याला एकाच बाजूने टेकतो, मराठी 'ल' च्या दोन पाकळ्या असतात. मग 'ऱ्या' टाइप करावं. 'सुऱ्या' मधला अर्धा र टोपीसारखा 'या' च्या डोक्यावर चढला तर सुऱ्यांचा सूर्य होतो, आणि तो फॉन्ट मराठी मासिकाच्या कामाचा नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १८६७ च्या छापखान्यांच्या जुन्या कायद्याच्या जागी १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा लागू झाला. नाव मिळवणं आणि नोंदणी, दोन्ही अर्ज आता प्रेस सेवा पोर्टलवर एकत्र होतात. छापील नियतकालिकांवर जीएसटी शून्य आहे. देणगीदारांना आयकरात सवलत द्यायची तर न्यास किंवा तशी संस्था काढावी लागते. आम्ही सध्या त्या वाटेला गेलेलो नाही, वर्गणी ही अंकाची आगाऊ किंमत म्हणूनच घेणार. पैशांवर व्याज किंवा परतावा देऊ असं मात्र कुणीही, कुठेही बोलू नये. तसं बोललं की ते ठेवी गोळा करणं ठरतं, आणि त्याला २०१९ चा कडक कायदा आहे.

परदेशातल्या मित्रांबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा एफसीआरए कायदा नोंदणीकृत वृत्तपत्राचे संपादक, मालक, मुद्रक आणि प्रकाशक यांना परदेशी देणगी घेऊ देत नाही, आणि नियतकालिकाने स्वतःला त्यात धरूनच चालावं. आपला एखादा इचलकरंजीचा मित्र अमेरिकेत असेल आणि त्याचा पासपोर्ट भारतीय असेल, तर त्याच्या स्वतःच्या बचतीतले पैसे परदेशी धरले जात नाहीत. त्याने नागरिकत्व बदललं असेल, तर मराठी कितीही गोड बोलत असला तरी त्याची देणगी परदेशी. अंकाची रीतसर किंमत भरून तो वर्गणीदार होणं ही वेगळी गोष्ट आहे, पण तिथेही सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

राहिली शेवटची अट. १,००० नावं ठरलेल्या तारखेपर्यंत झाली नाहीत तर सगळ्यांचे पैसे परत. अर्ध्या पैशांत अर्धा अंक निघत नाही, हे वरच्या हिशेबात दिसलंच. म्हणून जमा होणारी रक्कम वेगळ्या खात्यात राहील, आणि दर महिन्याचा जमाखर्च अंकाच्या शेवटच्या पानावर छापला जाईल, त्या तिमाहीचे तिन्ही महिने एकत्र.

हे सगळं ऐकून झाल्यावर मामांनी पाकिटातून ५०० ची नोट काढली. हातात दिली नाही, आधी पावती पुस्तक मागितलं. मी नाव, पत्ता, रक्कम लिहिली.

"खाली लिही," ते म्हणाले, "हजार नावं झाली न्हाईत तर पैसं परत. तारीख घाल. आन् सही कर."

मी लिहिलं, तारीख घातली आणि सही करून पावती फाडून दिली. त्यांनी ती एकदा वाचली, चार घड्या घालून खिशात ठेवली, आणि मग नोट माझ्याकडे सरकवली.